परतीची चाल

किसनराव खेरड्यांना उभं राहून कॉर्नेट वाजवता येत नसे. बसून तर नाहीच नाही. नवीन कॉर्नेट घ्यायला ते अकोल्याच्या दुकानात गेले तेव्हा मी सोबत होतो. दुकानदाराने "वाजवून पाहा" म्हणताच त्यांनी ते पितळी वाद्य तोंडाला लावलं आणि वाजवत वाजवत सरळ दुकानाबाहेर पडले. दुकानदार त्यांच्यामागे धावला, मी दुकानदारामागे. दुसऱ्या चौकात गाठलं तेव्हा किसनराव शांतपणे म्हणाले, "सूर बरा हाये. वळणावर जरासा चिरकते."

"अहो, पण पळता काय माल घेऊन?"

"पळून नाई राहिलो, वाजवून राहिलो. पाय थांबला का सूर मरते, बाप्पा."

अमरावतीत ते माझे शेजारी. दोघांच्या घरांमध्ये त्यांचा शेवंतीचा वाफा तेवढा. घराणं माळ्याचं, त्यामुळे सकाळी फुलं आणि लग्नसराईत बँड. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून मला ते मास्तर म्हणत. त्यांच्या बँडमध्ये त्यांच्यासकट नऊ माणसं होती. त्यांना ते 'राजेहो' म्हणत, रागावले तरी. "राजेहो, ढोल बडवा, नवरदेवाचा घोडा नका बडवू!"

माझ्या अंदाजाने बावीस वर्षांत त्यांनी हजारावर वराती पोचवल्या. स्वतःची मात्र एकही नाही. माझी बायको दरवर्षी तुळशीच्या लग्नाला विचारायची, "भाऊजी, तुमचं कधी?" दरवर्षी उत्तर एकच. "वहिनी, मी घोड्यावर बसलो तं कॉर्नेट कोण वाजवीन? अन् दुसऱ्याचा बँड आणला तं लोक काय म्हणतीन?"

अकोल्याच्या एका लग्नात मुंबईच्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस पाहुणा होता. त्याला यांचा बँड आवडला आणि महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. या बँडची तबकडी काढायची, दोन्ही बाजूंना चालू सिनेमातली गाणी. आमच्या भागातल्या कुठल्या बँडची तबकडी निघाल्याचं आम्ही तरी ऐकलं नव्हतं. वस्तीत पेढे वाटले गेले. किसनराव पेढा न खाता माझ्याकडे आले.

"लिहा मास्तर. एक बाजू तुमच्या शिनिमाची, दुसरी माही. नाईतं दोनी नाई."

कंपनीने नकार दिला. त्यांनी पुन्हा लिहायला लावलं. क्लॅरोनेटवाले बाबाराव रडकुंडीला आले. "भाऊ, हातची तबकडी जाईन ना!"

"जाऊ दे. वाजवाची तं आपली."

अशी आमची चार पत्रं गेली. चौथ्याला कंपनीने होकार दिला, पण एक अट घातली. प्रत्येक बाजू तीन मिनिटं दहा सेकंदांची, वर एक सेकंदही नाही. शिवाय दुसरी बाजू नीट उतरली नाही, तर तबकडीच निघणार नाही.

ही 'माही' म्हणजे काय, ते सांगतो. वरात पोचवली की बँडचं काम संपतं. लोक मांडवात शिरतात, आणि वाजवणारे वाद्यं काखेत मारून घरी निघतात. वरातीसोबत जाण्याच्या चाली शेकडो असतात, येण्याची एकही नसते. किसनरावांनी ती बांधली होती. चौकापासून आमच्या वस्तीपर्यंत नऊ जण ती वाजवत येत. ज्याचं घर येईल तो वाजवणं थांबवून आत जाई, बाकीचे वाजवत पुढे. आधी झांज जाई, मग ढोल, मग एकेक करून इतर. चाल बांधलीच अशी होती की माणूस कमी झाला तरी ती उघडी पडू नये. ढोल जवळ आला की ढोलवाल्याची बायको तवा चढवी. शेवटी बाबाराव आणि किसनराव दोघेच उरत, आणि मग बाबारावांचंही घर येई.

मी घड्याळ घेऊन एका संध्याकाळी त्यांच्यासोबत चाललो. चौकापासून किसनरावांच्या दारापर्यंत सत्तावीस मिनिटं लागली. ती तीन मिनिटं दहा सेकंदांत बसवायची, म्हणजे रस्त्यावरच्या साडेआठ सेकंदांना तबकडीवर एक. प्रत्येकाच्या घराचं अंतर मोजून मी कोष्टक केलं. बाबारावांच्या दारापासून किसनरावांचं दार एकशे चाळीस पावलं, म्हणजे शंभर सेकंद. तबकडीवर त्याचे बारा. उन्हाळाभर त्यांनी या कोष्टकावर तालीम केली, अर्थात शाळेच्या मैदानावर, चालत.

मुंबईला मीही गेलो, घड्याळासाठी. खोलीच्या मधोमध छतापासून मायक्रोफोन लोंबत होता. नऊ जण वाजवू लागले आणि चालू लागले. आवाज मायक्रोफोनजवळ आला की कानठळ्या, दूर गेला की चिडीचूप. कंपनीचे साहेब काचेमागून धावत आले. "अहो, मायक्रोफोन जागेवर आहे, तुम्ही का फिरता?"

"त्याले चालता येत नाई, त्याले आमी काय करू?" किसनराव म्हणाले.

शेवटी सतरंजी अंथरली. सगळ्यांनी चपला काढल्या आणि जागच्या जागी पाय उचलत वाजवायचं ठरलं. सिनेमाची बाजू दुसऱ्या खेपेला उतरली. मग परतीची चाल सुरू झाली. झांजवाल्याचं घर आलं. त्याने झांज खाली ठेवली, चपला घातल्या आणि दार उघडून तो बाहेर निघून गेला. दार धाडकन वाजलं.

"कुठे चालला हा?" साहेब ओरडले.

"घरी," सगळे एकदम म्हणाले.

बावीस वर्षांची सवय होती. दुसऱ्या खेपेला ढोलवाला गेला. तिसऱ्या खेपेला दाराला आतून कडी घातली, तर तिघे दाराशी जाऊन ती काढत बसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "राहू द्या हे. आणखी एक सिनेमाचं गाणं वाजवा आणि मोकळे व्हा."

किसनरावांनी कॉर्नेट पिशवीत घातलं. "मंग ते पयलंही पुसून टाका, साहेब."

साहेबांनी एकदा बाबारावांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "एक खेप. शेवटची."

किसनरावांनी आठही जणांना दाराकडे पाठ करून उभं केलं आणि स्वतः त्यांच्यासमोर उभे राहिले. "राजेहो, ज्याचं घर येईन त्यानं डोये मिटा. हलला त्याच्याशी मी बोलणार नाई." या खेपेला कोणी हललं नाही. मात्र माझ्या कोष्टकाप्रमाणे काहीच झालं नाही. किसनराव प्रत्येकाला आधीच मान हलवून थांबवत गेले. बाबाराव थांबले तेव्हा बराच वेळ बाकी होता. उरलेली सगळी चाल किसनराव एकटे वाजवत राहिले, सतरंजीवर अनवाणी पाय उचलत. एकूण वेळ भरला तीन मिनिटं दहा सेकंद. साहेबांनी हात वर केला. "छान!"

परतताना गाडीत मी हिशेब काढलाच. "किसनराव, शेवटचे बारा सेकंद ठरले होते. तुम्ही एक्केचाळीस घेतलेत. अंतर एकशे चाळीस पावलांचंच आहे, मी स्वतः मोजलंय."

ते खिडकीबाहेर पाहत होते. "मोजलं तुमी बरोबर, मास्तर. पण आठ जणाईचे दारं वाजवता वाजवता उघडते. माह्या दाराले कुलूप हाये. तठी पाय हळू पडते."

मी कोष्टकाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

दिवाळीनंतर तबकडी आली. आमच्यापैकी कोणाकडे ग्रामोफोन नव्हता, म्हणून चौकातल्या चहाच्या हॉटेलात गेलो. सारी वस्ती जमली होती. सिनेमाच्या बाजूवर लोक बाकांवर उभे राहून नाचले. मालकाने तबकडी उलटी केली. झांज गेली, ढोल गेला, लोकांचं बोलणं सुरू झालं. "मशीन बिघडलं वाटते, राजा." बाबारावांचं क्लॅरोनेट थांबलं, एकटं कॉर्नेट उरलं. "संपलं," म्हणत मालकाने सुई उचलली आणि टाळ्या पडल्या. लोक पाठी थोपटत होते. किसनराव हसून मान डोलवत होते.

मी गर्दीतून वाट काढत मालकापर्यंत गेलो आणि त्याचा हात धरला.

"सुई परत ठेवा," मी म्हणालो. "एक्केचाळीस सेकंद बाकी आहेत. माणूस अजून घरी पोचला नाही."