फ्रीजच्या नाक्यावरील ‘नॉट’ची मोहीम

सकळ जाणत्या जनांनी चित्त देऊन ऐकावे. प्रकाशनाच्या कचेरीत डब्यावरोन जो दंगा जाहला, त्याची हकीकत घडली तशी लिहितो. पदरचे तिखटमीठ लाविले ते चवीपुरतेच.

त्या कचेरीत हिशेबनीस ताई म्हणोन खाशी बाई, मिजाज शांत, भूक कडक. त्यांनी सकाळी डबा फ्रीजच्या किल्ल्यात ठेवावा आणि दुपारी उघडावा, तो आत चमचा तेवढा शिल्लक. गनीम परका नव्हे. मुद्रितशोधकांचीच फौज, आणि सरसेनापती तात्या. ताईंनी मायबोलीत कैक वेळा अर्ज केला, तो समस्तांनी हातच्या चवीची तारीफ करोन ढेकर दिला. मग ताईंनी उपाशीपोटी मसलत केली आणि इंग्रजीत फर्मान लिहोन डब्यास चिकटविले की, ‘यू आर रिक्वेस्टेड टु नॉट ईट धिस.’

आता या फौजेचा रिवाज ऐसा की, कागद दिसताच तांबडी लेखणी उपसावी, चुका कापाव्या आणि मजकूर काय म्हणतो हे मनावर घेऊ नये. तात्यांनी डब्यास हात घातला, तो नजर फर्मानावर पडली आणि भूकतहान हरपली. हुकूम सुटला की, ‘नॉट’ने ‘टु’च्या आधी चालावे, मागे रेंगाळणे ही बेअदबी. त्यावर चष्मेबहाद्दर नायब अर्ज करिते जाहले की, हल्ली ‘टु’ आणि ‘ईट’च्या मध्ये घुसणेही चालते. मग जी जुंपली ती जुंपली. कोशांचे मोर्चे लागले आणि चहा निवोन गेला आणि कोणी कोणास आटोपेना.

इकडे ताईंनी चिठ्ठी सोलून तात्यांच्या मुठीत दिली, डबा बगलेत मारिला आणि आपल्या मेजाशी जाऊन बसल्या. कैक महिन्यांत आपल्या हातची चव त्यांस प्रथमच कळली आणि डोळ्यांस पाणी आले.

अखेर नायब शरण आले, ‘नॉट’ ‘टु’च्या आधी विराजमान जाहला आणि तात्या घाम पुशीत ताईंपाशी आले.

“ताई, चिठ्ठी दुरुस्त झाली. आता लावा डब्याला.”

“लावते हो,” ताई बोट चाटत म्हणाल्या. “उद्याचीही लिहून ठेवलीय. तिच्यात जरा घोळ वाटतोय, दुपारी सगळे मिळून बघाल?”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कचेरीत ती तात्यांच्या नावे बोलिली जाते, आणि ताई रोज डबा धुऊन घरी नेतात.