कुंडीचा मान

एका जंगलात, सिंहशके एकशे बारा, चैत्र महिन्यात, मोहाची फुले गळण्याच्या ऐन वसंतात, मुलांसाठी बाग बांधण्याचे ठरले. मुलांनो, जंगलात बाग कशाला, असे मधेच विचारू नका. मोठी मंडळी बोलत असता प्रश्न विचारू नयेत, हा नियम त्या जंगलातही होता. म्हणून तर बाग झाली.

बागेत प्राण्यांचे पुतळे असावेत, अशी सिंहमहाराजांची आज्ञा होती. प्राणी कसे असतात, हे मुलांना कळलेच पाहिजे.

"मुले रोज प्राणीच तर पाहतात," तरसीण द्वारकाबाई सभेत म्हणाल्या. "घरी आई असते. तीही प्राणीच."

"ती हलते, बाई," कार्यवाह बगळे धवलराव म्हणाले. "हलणाऱ्या वस्तूवरून शिक्षण होत नाही."

धवलराव फार टापटिपीचे. एका पायावर उभे राहून सभेचे इतिवृत्त लिहीत आणि ओळ वाकडी गेली तर पाय बदलत. त्यांनी पळसाच्या एका मोठ्या पानावर बागेचा आराखडा मांडला होता. तो त्यांनी वाचून दाखवला.

हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी. वानराच्या शेपटीचा झोका. मगरीच्या पाठीचा बाक. मध्यभागी सिंहमहाराज; त्यांच्यावर चढायचे नाही, घसरायचे नाही, केवळ पाहून भ्यायचे. असे दहा पुतळे झाले. अकरावी ओळ पानाच्या अगदी तळाशी होती.

"तरस. तोंड उघडे, पोट पोकळ, गळ्यात पाटी : कचरा येथे टाका."

सभेत कोणी खाकरले. द्वारकाबाई उभ्या राहिल्या.

"ही कुंडी आमच्याच वाट्याला का?"

अध्यक्षस्थानी हत्ती ऐरावतराव होते. ते मृदू स्वरात म्हणाले, "अहो बाई, तुमचे कूळ पिढ्यानपिढ्या जंगल स्वच्छ करीत आले. हा अपमान नव्हे. कचरा पोटात घेणे हा बागेतील सर्वोच्च मान आहे."

"मग तो अध्यक्षांनी घ्यावा."

"आमची योग्यता नाही हो तेवढी," ऐरावतराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

"सर्वोच्च मान," धवलरावांनी लिहून घेतले. "ठराव एकमताने मंजूर."

"एकमताने कसा? मी विरोध केला आहे."

"विरोध पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत घेऊ, बाई."

पुढील बैठकीत आधी मागील बैठकीचे इतिवृत्त वाचले गेले. ते कायम होईपर्यंत नवा विषय घेता येत नसे. ते कायम होईतो ऐरावतरावांची स्नानाची वेळ झाली. त्यापुढील दोन बैठकांतही असेच झाले. त्या जंगलात प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धत होती. फक्त तेवढा वेळ नसे.

इकडे द्वारकाबाईंच्या घरी निराळेच दुःख होते. त्यांची धाकटी लेक ठकी. तरसांना हसण्याचे वरदान असते, आणि ठकीचे हसू तर नदीपलीकडे ऐकू जाई. पण आराखड्याची वार्ता पाणवठ्यावर पोचली आणि वानरांची पोरे तिच्या मागे लागली.

"ठके, आ कर ना! साल टाकायची आहे!"

त्या दिवसापासून ठकीने तोंड मिटले. जेवण्यापुरते ते उघडी, तेही पाठमोरी बसून.

"बाळ, हस की गं जरा," द्वारकाबाई म्हणत.

ठकी मान हलवी. तरसाचे लेकरू हसेना, तर त्याच्या आईने काय करावे? द्वारकाबाई पुन्हा सभेला जात. पुन्हा इतिवृत्ताचे वाचन ऐकत.

वैशाखात अकरा चौथरे झाले. ज्याने त्याने आपापल्या चौथऱ्याच्या ओल्या मातीत पंजा उमटवला. पुतळे घडविण्याचे काम वाळवीकडे दिले गेले. मातीकामात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. धवलराव तिच्या हाती आराखडा ठेवू लागले, तेव्हा द्वारकाबाईंना राहवले नाही.

"धवलराव, वाळवीच्या हाती वाळलेले पान देऊ नये."

"आपली सूचना मोलाची आहे. पुढील बैठकीत घेऊ."

वाळवी पान घेऊन गेली. वाळवीचा वाचनाचा वेग मोठा, आणि वाचून झालेली ओळ मागे ठेवण्याची तिला सवय नाही. काम सुरू झाले तेव्हा तिच्याजवळ पानाचा देठाकडचा तुकडा तेवढा उरला होता. त्यावर एकच ओळ होती, आणि तिच्या आरंभीचे नावही गेले होते. वाळवी कष्टाळू, प्रामाणिक. चौथऱ्यावरचा पंजा पाहून तिने प्राणी ओळखला आणि ओळीत लिहिल्याप्रमाणे घडवला.

उद्घाटनाच्या दिवशी पुतळ्यांवरची केळीची पाने काढली.

अकरा प्राणी ओळीने उभे होते. अकरांची तोंडे उघडी, पोटे पोकळ. हत्तीच्या गळ्यात पाटी, मगरीच्या गळ्यात पाटी, आणि मध्यभागी, सर्वांत उंच चौथऱ्यावर, सिंहमहाराजांच्या गळ्यातही पाटी : कचरा येथे टाका.



"हे काय आहे?" महाराजांनी विचारले.

ऐरावतरावांनी डोळे मिटले. धवलरावांनी पाय बदलला. अखेर द्वारकाबाई पुढे झाल्या.

"मान आहे, महाराज. इतिवृत्तात नोंद आहे. वाचावी."

धवलरावांना वाचणे भाग पडले. "कचरा पोटात घेणे हा बागेतील सर्वोच्च मान आहे. एकमताने मंजूर."

महाराजांनी आपल्या पुतळ्याचे तोंड शेजारच्या पुतळ्यांशी ताडून पाहिले. मग गरजले, "सर्वोच्च मान, तर आमचे तोंड इतरांएवढेच का?"

"चूक झाली, महाराज," वाळवी म्हणाली. "किती मोठे करू?"

"असे!" म्हणून महाराजांनी स्वतः पुतळ्याशेजारी बसून जबडा फाकवला आणि मापासाठी तसाच धरून ठेवला.

ठकी समोरच उभी होती. तिच्या हातात केळीची साल होती. आईने तिला वळण लावले होते : सूचना वाचावी, मग वागावे. ठकीने पाटी वाचली. दोन तोंडांपैकी जवळचे पाहिले. साल अदबीने आत ठेवली.

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. प्रजेकडे पाहिले. मान तर मंजूर झालेला. त्यांनी साल गिळली.

"वा! प्रथम मान!" ऐरावतराव ओरडले. प्रजेने टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांवरून, नदीपलीकडे ऐकू जाईल असे, ठकीचे हसू उसळले. द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले. तरसिणीला पदर कुठून आला, ते विचारू नका.

वानरांची पोरे मात्र त्या संध्याकाळी घरी रडत गेली. त्यांच्या वडिलांच्या पुतळ्याचे तोंड महाराजांपेक्षा लहान ठेवले होते.

अशा रीतीने सिंहशके एकशे बारा, ज्येष्ठ वद्य पंचमी, गुरुवारी, हा प्रश्न कायमचा निकालात निघाला.

तात्पर्य : आपल्या एकट्याच्या वाट्याला अपमान आला तर तो दूर करण्याच्या खटपटीत पडू नये, तो सर्वांना सारखा वाटला जाईपर्यंत धीर धरावा. मग त्यालाच मान म्हणतात, आणि मोठी माणसे तो अधिक मागून घेतात.