माकडांसाठी गाण्याचा डबा

बोंद्रे काकाजी बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात गाणी ऐकत होते ती माकडाच्या कानांनी. "आता मी माकड आहे असं समज अन् लाव," असं दुकानदाराला सांगून ते स्टुलावर उकिडवे बसले आणि त्यांनी डोळे मिटले. दुकानदाराने एक जुनं, गोड गाणं लावलं. काकाजींनी मान हलवली. "ह्यानं माकड पळत नाही गा. आरामात बसते अन् संत्रं सोलते." मग त्याने वरातीच्या बँडचं काहीतरी लावलं. "ह्यानं तं शेजारच्या बागेतलेबी येतीन नाचाले."

काकाजी मनीषनगरातले आमचे शेजारी, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे आणि बागेला माकडांचा जाच आहे. मुलगा पुण्याला असतो. त्याला बाळ झालं तशा काकू तिकडे गेल्या आणि आज येते, उद्या येते म्हणत तिकडेच राहिल्या. मुलाचा एकच धोशा, बाग विका आणि इकडे या. शेवटी काकाजींनी फोनवर शब्द देऊन टाकला, "यंदाचा बहार माकडाइनं खाल्ला तं विकतो. नाही खाल्ला तं हा विषय पुन्हा काढाचा नाही."

बागेत माणसाचा आवाज असला की माकडं फिरकत नाहीत, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. म्हणून गाण्याचा डबा, म्हणजे स्पीकर. पण तो घ्यावा की नाही यावर त्यांनी अख्खी कॉलनी कामाला लावली. "मानसानं दोन्ही बाजू पाहाव्या," हे त्यांचं पालुपद. मोठ्या आवाजाचा घ्यावा तर चार्जिंग लवकर उतरतं. लहान घ्यावा तर माकडच तो फळ समजून नेईल. पेन ड्राइव्हचा बरा, पण तीच तीच गाणी माकडांना पाठ होतील. रेडिओ लावावा तर मधेच हवामानाचा अंदाज सांगतात, "अन् तो तं माकडालेबी खरा वाटत नाही."

"काकाजी, मोबाइलच टांगा ना झाडाला," मी म्हटलं.

"अन् तुह्या काकूचा फोन आला तं माकडानं उचलाचा काय?"

कट्ट्यावरचे लोक हसत. एकाने सल्ला दिला, माकडांच्या नादी काहून लागता, पुण्याला जाऊन नातू खेळवा. काकाजी ताठ झाले. "नातू मले लाडका आहे. पन मी हटत नाही. माकडापुढं नाही, माह्या पोट्ट्यापुढं नाही, अन् तुमच्यापुढं तं बिलकूल नाही."

तर बर्डीहून त्यांनी दुकानातला सगळ्यात बेढब डबा आणला, दांडी असलेला. त्यात गाणी भरली आणि तो बागेत टांगला. पुढच्या आठवड्यात पाहतो तर चेहरा उतरलेला. "डब्याखालीच बसून खाल्लं गा त्याइनं. वरतून सालं माह्या अंगावर." आता बाग गेलीच, असं मी धरून चाललो.

मग एका संध्याकाळी कुंपणापलीकडून ऐकू आलं. काकाजी काकूंशी फोनवर बोलत होते आणि आपण होऊन एकेक गुन्हा कबूल करत होते. "हो, ओला टॉवेल पलंगावरच आहे. लोणच्यात ओला चमचा गेला म्हणजे गेला." फोनमधून काकूंचा जो भडिमार सुरू झाला तो माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. काकाजी मात्र खूश होते. एकटेपणाने माणूस बिघडला, असं मी बायकोला म्हटलं आणि त्या रविवारी काटोलची बस पकडली.

बांधाशी पोचलो तोच काकूंचा आवाज आला. "चपला बाहेर काढा म्हनून कितीदा सांगाचं? अन् लोणच्यात ओला चमचा कोन घालते?" मला वाटलं, काकू आल्या. मी चपला काढूनच आत गेलो. काकू नव्हत्या. डबा झाडाला टांगलेला होता, फळं शाबूत होती आणि माकडं दूरच्या बाभळीवर अंग चोरून बसली होती.

"हिचं बोलनं फोनवर भरून घेतलं, दुकानदारानं डब्यात टाकून देल्लं," काकाजी म्हणाले. "इतकी वर्सं मी हिच्यापुढं उभा नाही राहू शकलो, तिथं माकडाची काय गोष्ट? पोट्ट्याले सांगून देल्लं, बाग विकाची नाही."

ते झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसले होते, पण घास घेतला नव्हता. माकडं बाभळीवरूनही उतरून निघून गेली. काकू डब्यात बोलतच होत्या.

"गेली माकडं. बंद करू?" मी हात पुढे केला.

"राहू दे गा. आता येते."

डब्यातला आवाज दमला, खाली उतरला. "जाऊ द्या. तुमाले सांगून काही फायदा नाही. जेवले काय?"

मी हात मागे घेतला. काकाजींनी भाकरीचा घास मोडला.

"जेवून राहिलो वं," ते डब्याला म्हणाले.