चाळीस पुड्यांचा समुद्र

मूठभर चिखल द्या, वीस हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्र किती गरम होता ते सांगतो! १९९३ साली पनवेलमध्ये भेटेल त्याला मी हे ऐकवत असे. यात जादू काही नाही. समुद्रातलं बारीक शैवाल मेलं, की त्याच्या अंगातला मेणासारखा पदार्थ तळाच्या चिखलात शिल्लक राहतो. तेव्हा पाणी गार होतं की कोमट, ते त्या पदार्थाच्या घडणीवरून कळतं. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. संपलं शास्त्र! माझ्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण या थरांवरच उभं होतं, आणि ते द्यायला तीन महिने उरले होते.

अशात संस्थेतला फ्रीज बिघडला. "सर, चिंता नको! माझ्याकडे सोय आहे," असं माझ्या मार्गदर्शक सरांना छाती काढून सांगत मी चाळीस थरांच्या चाळीस पुड्या घरी आणल्या. सोय म्हणजे हौसाकाकूंचा फ्रीज. मी त्यांचा भाडेकरू. काकूंची सगळी हयात मिठागरात गेलेली. बिचारीने माझ्यासाठी बर्फाच्या कप्प्यातली कोळंबी बाहेर काढली.

"काकू, या चिखलात माझी डिग्री आहे. जिवापाड जपा!" असं बजावून मी आपटा गावी मित्राच्या लग्नाला गेलो. 'हात लावू नका' एवढंच म्हणायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी परतलो, तर काकू ओटीवर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"कालपासून लाईट नाय रे पोरा. तुजा चिखल सुकाय लागला व्हता."

"मग?"

"मंग काय? वाचवला!"

त्यांनी परातीवरचं ओलं फडकं उचललं. खाली एकच गोळा! गुळगुळीत, भल्यामोठ्या लाडवासारखा.

"काकू... पुड्या?"

"सोडल्या. थर राहिले तर चिखल फुटतो. मिठागराचा तळ आमी असाच तुडवतो, एकजीव होईपर्यंत. साबणानं पाय धुतले हां आधी! एक भेग दाखव!"

त्यांचे यजमान बळीरामकाका म्हणाले, "दोन तास तुडवत व्हती. गुडघा सुजला, तरी आयकते काय! म्हनं, पोराची परीक्षा हाय."

मी गुडघा पाहिला. खरंच सुजला होता. रडू येत होतं, चिखलाचं की काकूंचं, ते कळेना.

"एकही भेग नाही काकू," मी म्हणालो. त्या इतक्या खूश झाल्या, की पुढचं सगळं मी गिळलं.

एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला.

"सर, थर जरा एकत्र झालेत."

"किती?"

"सगळे."

बूथचं मीटर पळत होतं! सर म्हणाले, "जहाजानं आणलेला निम्मा चिखल बंदरावरच्या शीतगृहात आहे. पहिल्यापासून सुरू कर. आणि पुन्हा घरी नेलास तर बघ!"

पहिल्यापासून म्हणजे दीड वर्ष! शेवटी पीएचडी झाली, आणि पहिला पेढा काकूंना दिला. त्यांनी तो हातात धरून अख्ख्या आळीला सांगितलं, "त्या दिशी मी नसते, तर याला झाला असता का एवढ्यात डाक्टर?"

आळी माझ्याकडे बघत होती. मी काय करणार? वाकून काकूंच्या पाया पडलो. जपूनच हं, त्या गुडघ्याला धक्का न लावता!