पाखऱ्याची नजर

घोड्याचं चित्र काढणं म्हणजे काय मोठंसं? चार पाय, एक शेपूट आणि मान. आम्हा पेणच्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडची मुलं बाराखडीच्या आधी सोंड गिरवतात. त्यात मी, शरद, त्र्यंबककाकांच्या गणपतीच्या कारखान्यात नऊ वर्षं मुरलेला. माझ्याकडे उंदरांचं खातं होतं. मूर्तीच्या पायाशी बसून लाडवासाठी वर बघणारा उंदीर शेपटीपासून डोळ्यांपर्यंत माझा. गणपतीचे डोळे मात्र काकाच आखत. त्या वेळी मी शेजारी श्वास घेतलेलाही त्यांना खपत नसे.

मला ते डोळे हवे होते. मी काकांना अगदी जेरीस आणलं होतं. एवढ्यात रोह्याच्या बाजूचे, वरसे गावचे महिपतीमामा कारखान्यात आले. त्यांची शेती भाताची, पण नाव घोड्याचं. त्यांचा पाखऱ्या समुद्रकाठच्या गाडीशर्यतीत कधी हरला नव्हता. त्याचं चित्र त्यांना ओटीवर लावायचं होतं.

काका म्हणाले, "शरद, तू जा. घोडा बघणाऱ्याच्या काळजाला भिडला, तर यंदा गणपतीचे डोळे तुझे."

"भिडला तर? काका, तुम्ही तुमचे ब्रश आजच धुवून ठेवा."

पाखऱ्याचं अंग मी असं रंगवलं, की माशी बसायला यावी. अडलं ते डोळ्यांपाशी. तो माझ्याकडे बघेचना. एकतर चाऱ्यात तोंड, नाहीतर माझ्याकडे पाठ. शेवटी डोळे मी मनानेच काढले. हात बसलेला होता, एका दमात झाले.

"झकास झालाय," महिपतीमामा म्हणाले. "काय गो, तुला कसा वाटतो?"

त्यांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. "उपाशी हाय तो. बघा ना, कसा बघतोय तोंडाकडं. तुमी त्याला पोटभर घालत नाय."

काळजाला भिडला की! मी पहिली एस.टी. पकडून पेण गाठलं आणि काकांना सांगितलं, "बाई रडली."

पुढचं मला नंतर कळलं. गिरजाबाई रोज चित्राखालून जायच्या आणि सुनेला हाक मारायच्या, "मालू गो, आन दोन लाडू. माझ्यानं बघवत नाय." चित्राची कीर्ती नदीपलीकडच्या अष्टमी गावापर्यंत गेली. बघायला आलेला माणूस हळूच गोठ्यात शिरून पाखऱ्याला काहीतरी भरवूनच घरी जायचा. घोड्याला तुकतुकी आली. मामा म्हणाले, "चित्र लाभलं." पोटाचा पट्टा पुरेनासा झाला, तेव्हा म्हणाले, "चामडं आकसलं."

शर्यतीला काका आणि मीही गेलो. पाखऱ्या सुटला तो वाऱ्यासारखा. मग साध्या झुळकीसारखा. मग पुळणीच्या कडेला एका लाडवाच्या दुकानापुढे तो थांबला. बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या. मामा गाडीवर उभे राहून ओरडत होते, आणि पाखऱ्या मान वर करून दुकानदाराकडे बघत होता. नजर हुबेहूब माझ्या चित्रातली! चित्र चुकलं असं म्हणायची आता कोणाची छाती होती? दुकानदाराने लाडू दिला.

संध्याकाळी मामांनी आम्हाला ओटीवर नेलं. "ह्या डोल्यांनी घात केला माझा. आयुष्यात पयल्यांदा हरलो."

"त्याच्या डोल्यांना काय बोलायचं नाय," गिरजाबाई आतून म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावला आणि बराच वेळ चित्र बघितलं.

"शरद, नजर जिवंत आहे."

माझी छाती फुगली. "म्हणजे यंदा गणपतीचे डोळे..."

"ही नजर मी ओळखतो. नऊ वर्षं माझ्या प्रत्येक गणपतीच्या पायाशी बसून ती लाडू मागतेय."

मामांनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे माझ्या पाखऱ्याला उंदराचे डोले?"

तर यंदाही माझ्याकडे उंदीरच आहेत. पण बढती मिळाली आहे. एका सार्वजनिक मंडळाने जवळजवळ घोड्याएवढा उंदीर सांगितलाय, आणि तो मलाच रंगवायचा आहे. त्याचे डोळे मी अजिबात मनाने काढणार नाही. सरळ वरशाला जाऊन पाखऱ्याचे बघून काढणार आहे. हल्ली तो माझ्याकडे एकटक बघतो. मी खिशात लाडू नेतो ना.