बापूरावांची हरकत

मंगलाष्टकं ऐन रंगात आली, लोकांनी मुठीतल्या अक्षता सावरल्या, की बापूराव वकील मांडवात उभे राहायचे आणि घसा खाकरून म्हणायचे, "हरकत आहे. मुलीचा जबाब नोंदलेला नाही." मग एकच खसखस पिकायची. भटजी आवाज चढवून पुढचं कडवं धरायचे. बापूराव खाली बसायचे आणि नंतर पंगतीत जिलबीवर यथास्थित ताव मारून घरी जायचे. भोरात वीस वर्षं हे असंच चाललं होतं. ते उठले नाहीत तर लग्न पुरतं लागल्यासारखं वाटत नाही, असं आळीतल्या बायका म्हणत.

मी भोरच्या कोर्टात नकलनवीस. दुसऱ्यांनी लिहिलेलं पुन्हा लिहायचं आणि त्यात स्वतःची अक्कल मिसळायची नाही, हे माझं काम. आम्ही मूळचे मार्गासनीचे शेतकरी. चार इयत्ता जास्त शिकलो म्हणून नांगराऐवजी टाक हाती आला. बापूराव माझ्या दारासमोर राहत. बायको वारलेली, घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे त्यांची मतं ऐकून घेण्याची जबाबदारी बहुतेक माझ्यावर पडे.

मतं मात्र भरपूर. कायद्याबद्दल म्हणत, "मुन्सफ जेवायच्या आधी निकाल देतो, जेवल्यावर तारीख देतो. ज्याची बाजू लंगडी त्यानं त्याला जेवू द्यावं." एकदा आमच्या गावचा एक पक्षकार त्यांना म्हणाला, "वकीलसायेब, माजं समदं खरं हाय. म्या कशाला भ्यायचं?" बापूरावांनी कपाळाला हात लावला. "खरं आहे? मग फार तयारी करावी लागेल. खोट्याला साक्षीदार आयते मिळतात."

राजकारण म्हटलं की त्यांच्या मिशा थरथरायला लागत. चावडीपुढे खादीवाल्यांची सभा झाली, तर हे पहिल्या रांगेत बसून भाषणातल्या चुका मोजत. "स्वराज्य मागतात, पण अर्ज कुणाच्या नावे करायचा ते ठरलेलं नाही!" असं म्हणत घरी येत. आणि ज्या साहेबाविरुद्ध ही सभा, त्या साहेबाच्या मसुद्यांतही चुका काढत.

नव्या जमान्यावर तर त्यांचा खास दात होता. शेजारी ग्रामोफोन आला तेव्हा खिडकीतून ओरडले, "बाई हजर नाही आणि तिचा आवाज साक्ष देतोय! उलटतपासणी कुणाची घेऊ, त्या तबकडीची?" नसरापूरला तंबूतला सिनेमा आला, तो यांनी न बघताच रद्दबातल ठरवला. मुलींच्या शाळेचं नाव काढलं तर म्हणत, "शिकलेली मुलगी म्हणजे घरात बसवलेलं अपील कोर्ट." आणि हाच गृहस्थ मांडवात उठून मुलीचा जबाब मागायचा. दोन्हींचा मेळ कसा बसतो, हे मी कधी विचारलं नाही. नकलनविसाला तशी सवय नसते.

मग माझ्या मुलीचं, कमळचं लग्न ठरलं. स्थळ किकवीचं. बिजवर, वय चाळिशीला टेकलेलं, पदरात दोन मुलं, पण जमीनजुमला भक्कम. कमळ सतराची. तिला मी विचारलं नव्हतं. विचारायची आमच्यात रीतच नव्हती. ती गप्प होती, तेव्हा राजी असेल असं मी धरून चाललो.

लग्नाआधी मी बापूरावांकडे गेलो. म्हटलं, "वकीलसायेब, पावणे किकवीचे हायेत, त्यांना तुमची गंमत ठावी न्हाई. या खेपंला तेवढं बसून ऱ्हावा."

"अर्ज दाखल करून घेतला," ते म्हणाले. "निकाल राखून ठेवला."

लग्नाच्या दिवशी तीन अष्टकं झाली, तरी बापूराव बसलेलेच. मला हायसं वाटलं. चौथं सुरू झालं आणि तो काळा कोट उभा राहिला. "हरकत आहे. मुलीचा जबाब नोंदलेला नाही."

आमची माणसं सवयीनं हसली. भटजींनी सवयीनं आवाज चढवला. आणि अंतरपाटामागून कमळ म्हणाली, "मला न्हाई करायचं ह्ये लगीन."

भटजी थांबले. सगळ्यांत जास्त दचकले ते बापूराव. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना उत्तर मिळालं होतं. हातातल्या अक्षता खाली सांडल्या. अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "नोंद घ्या."

वऱ्हाडाच्या गाड्या आल्या तशा किकवीला परत गेल्या. गावात माझी छी-थू झाली. बायको म्हणायची, "त्या मेल्या वकिलापायी पोर घरात ऱ्हायली." तीन महिने मी समोरच्या दाराकडे बघितलं नाही. मग एका दुपारी राग अनावर झाला आणि मी तडक त्यांच्या माडीवर गेलो. "माजी पोर, माजा मांडव. तुमचा काय संबंध व्हता, सांगा!"

बापूरावांनी उठून फडताळातून लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर काढलं. बाकीची दप्तरं जाडजूड, हे अगदी बारीक. आत एकच कागद होता. वर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'जबाब. नाव यमू. वय वर्षे दहा.' खाली सगळं कोरं.

"माझी मुलगी," ते म्हणाले. "दहाव्या वर्षी तिचं लग्न लावलं, तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली. हा कागद मी नंतर लिहायला घेतला. पुढं काय लिहायचं? तिला मी काही विचारलंच नव्हतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "मांडव माणसांनी फुलून गेला होता हो. एकानंही हरकत घेतली नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली. मी जिन्याकडे वळलो. मागून त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज आला, "कमळला सांगा, जबाब उत्तम दिला. एका वाक्यात! वकिलांना जमत नाही."

घरी आल्याबरोबर मी तिला तो निरोप सांगितला.

पुढच्या वैशाखात आळीत तांबटांच्या मुलीचं लग्न होतं. चौथ्या अष्टकाला बापूराव गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. वयामुळे त्यांना वेळ लागत होता. ते उभे राहायच्या आत मी उठलो आणि घसा खाकरला.