पाहुण्यांचा चहा आणि दिनकररावांचा खून

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला विषप्रयोगाचं रहस्य उलगडणं म्हणजे डाव्या हाताचा मळ! माझं गणित पक्कं होतं. धाकट्या बहिणीला, सुमनला, बघायला वालूरचे पाहुणे बाराच्या एसटीनं आमच्या झरीत उतरणार. अण्णा त्यांना आणायला स्टँडवर गेलेले. हातातल्या रहस्यकादंबरीची पानं उरली होती चाळीस. पाहुण्यांच्या आधी खुनी माझ्या मुठीत!

अडचण एकच. धुरपताआत्याला वाचता येत नसे, तिला मोठ्यानं वाचून दाखवावं लागे. कादंबरी विलायतेतली, मराठीत आणलेली. आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "असल्या नावाचं माणूस मेलं तर रडू तरी कसं येईल रे? आपल्यातली नावं घाल!" आणि बारसंही तिनंच उरकलं. मेलेला कंजूष जमीनदार म्हणजे आमचे अण्णा, दिनकरराव. त्याची बायको म्हणजे माझी आई, कमलबाई!

मी रंगात आलो होतो. "दिनकररावांच्या चहात विष कमलबाईनंच कालवलं असणार!"

"मला पैल्यापासून शंका व्हती!" आत्या ओरडली. "आन् पोरगा काय करायलाय?"

"त्यानं प्रेत कोठीत लपवलंय!"

ओसरीवर कुणीतरी खाकरलं. पाहुणे! एसटी सोडून जीपनं आले होते. भगवानराव आणि त्यांचा मुलगा पंडितराव बाजेवर असे टेकले, जणू ती विंचवांनी विणली होती.

"दिनकरराव कुठं हाईत?" भगवानरावांनी कोठीकडं बघत विचारलं.

"तुम्हालाच आणायला स्टँडवर गेलेत."

"आमची जीप स्टँडवरूनच आली. न्हाई दिसले."

सुमन चहा घेऊन आली. कुणी कपाला हात लावेना. आमच्याकडं मुलगी बघायला येऊन चहा टाळला, की मुलगी नापसंत समजायची! हे तिसरं स्थळ. सुमनचा चेहरा उतरला. आई न राहवून बाहेर आली. "घ्या की हो! मी सोताच्या हातानं केलाय!"

भगवानरावांनी कप आणखी वीतभर लांब सरकवला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! शंका उरूच नये म्हणून मी त्यांच्यासमोर दोन्ही कप पिऊन दाखवले.

"ह्यांना सवय असंल," भगवानराव मुलाच्या कानात पुटपुटले.

एवढ्यात एसटीत पाहुण्यांना शोधून घामाघूम झालेले अण्णा दारात उभे.

"आरं, हे तर जित्ते हाईत!" भगवानरावांनी धावत जाऊन त्यांना मिठीच मारली. अण्णा गोंधळून सगळ्यांकडं बघत राहिले.

मी पुस्तक पुढं केलं, सगळं सांगितलं. हसून हसून पंडितरावांची टोपी खाली पडली. नवा चहा आला, संपलाही! भगवानरावांनी मांडी घातली. "वाचा की पुढं! आन् माझं बी नाव घाला एखाद्याला!"

आत्यानं त्यांना मयताचा जिवलग दोस्त, देवमाणूस वकील बहाल केला. "भगवानरावांनी गरिबांना धान्य वाटलं," असं वाचलं की ते मिशीवरून हात फिरवायचे.

शेवटून तिसऱ्या पानावर माझी नजर दोन ओळी पुढं धावली. खुनी होता वकील!

समोर भगवानराव खुशीत मान डोलवत बसलेले. दाराआडून सुमन पंडितरावांकडं चोरून बघत होती. असं तर तिनं आधीच्या दोन्ही स्थळांकडं पाहिलंच नव्हतं.

"आणि खुनी होती..." मी त्या ओळींवर तळहात ठेवला, "कमलबाई!"

"मी म्हनलं नव्हतं?" आत्यानं मांडीवर थाप मारली.

पंडितरावांनी माझ्याकडं बघून हळूच डोळा मिचकावला. म्हणजे गृहस्थानं ही कादंबरी आधीच वाचली होती! आणि तरी गप्प!

"आता सुपारी फोडायला उशीर कशाला?" भगवानराव म्हणाले. सोयरीक जमली!

आईनं मात्र पुढचे आठ दिवस मला चहा करून दिला नाही. मागितला की म्हणायची, "खुनी बाईच्या हातचा कशाला पितोस, बाबा?"